हात बदलायचा की मूठ?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी गुडघ्यानं छळलं, मग घरात पाहुणे, मग पाहुण्यांमागून आलेला सर्दी-खोकला... असो. शीर्षक वाचून बाई निवडणुकीवर लिहायला लागल्या की काय, असं समजू नका! विषय साधाच आहे, पण गेला महिनाभर डोक्यातून जात नाही. म्हटलं, लिहून टाकावं.

झालं असं की एका रात्री जेवणं उरकल्यावर नातीनं टेबलावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून ठेवलं. उघडलं तर एक लाकडाचा तुकडा. अक्रोडाचं तपकिरी लाकूड आणि आकार असा विचित्र, की ओल्या मातीचा गोळा कुणी मुठीत घट्ट दाबावा आणि तो तसाच वाळावा. बोटांसाठी खाचा, अंगठ्यासाठी उतरती जागा, तळव्याच्या खाली एक फळी. ही पिस्तुलाची मूठ. पिस्तूल क्लबातच होतं, एक स्क्रू काढून नुसती मूठ तेवढी घरी आणली होती.

नात नववीत आहे. आमच्या कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत इथली, राही सरनोबत इथली. त्यात 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं पिस्तुलात दोन ब्राँझ घेतली. मग काय, शाळेतल्या निम्म्या मुली क्लबात नाव घालायला गेल्या! त्यातल्या टिकल्या त्यांत आमची एक.

"आजी, ही डाव्या हातात धर बघू."

मी धरली. म्हणजे धरायचा प्रयत्न केला. अंगठ्याच्या जागी करंगळी, फळी भलतीकडे, कुठलं बोट कुठं ठेवावं कळेना. उजव्या पायाचा बूट डाव्या पायात घालावा तसं झालं.

"बसत नाही ना? मी डावरी आहे आणि क्लबात सगळ्या मुठी उजव्या हाताच्या. सर म्हणतात, तू लहान आहेस, उजव्या हातानं शिक, जमेल हळूहळू. डाव्या हाताची मूठ मागवायची तर वेळ लागेल, पैसेही लागतील. मग मी काय करू आजी? हात बदलू, की मूठ?"

माझ्या जिभेवर एक गोष्ट आलीच होती. शिक्षकी पेशात तेहतीस वर्षं काढली, मुलांनी प्रश्न विचारला की तोंडातून गोष्ट बाहेर पडते, तो आमचा धर्मच. आणि ही गोष्ट तर माझी ठेवणीतली. एका हंगेरियन माणसाची. पण या वेळी मी तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते पुढे सांगते. तिला एवढंच म्हटलं, "थांब, मला जरा विचार करू दे."

विचार करायचा म्हणजे इतिहासाच्या शिक्षिकेनं काय करायचं? मुठीचा इतिहास शोधत बसले.

आपल्याकडे मूठ म्हटली की तलवार आठवते. शाळेची सहल न्यू पॅलेसच्या संग्रहालयात नेली की दर वर्षी कुणीतरी पोरगं हटकून म्हणायचं, "बाई, मूठ केवढीशी! एवढ्याशा मुठीत हात कसा मावायचा?" मावायचा, पण घट्ट. आपल्या तलवारीची मूठ मुद्दामच आखूड असते. पुढे आडवी दांडी, मागे वाटीसारखी चकती, आणि या दोन्हींच्या मधे मूठ अडकून बसते. घाम आला, रक्त लागलं, तरी हात घसरून जायला जागाच नाही. दांडपट्ट्यात तर याच्या पुढची पायरी. त्यात हात मनगटाच्या वरपर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो आणि आत आडवी मूठ धरायची. म्हणजे हत्यार हातात न राहता हातच हत्यारात जातो.

हात न घसरण्याचे दोन उपाय माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहेत. एक आकाराचा, दुसरा खरखरीतपणाचा. तालमीतले पैलवान एकमेकांच्या अंगावर तांबडी माती टाकतात, ती या दुसऱ्या उपायापोटीच. घामानं निसरडं झालेलं अंग मातीनं पकडीत येतं. माझ्या सासूबाई विळ्याच्या गुळगुळीत झालेल्या मुठीला सुती चिंधी गुंडाळायच्या, तीही त्यासाठीच.

आता पिस्तुलाकडे येते.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी अब्रूवरून भांडण झालं की सभ्य गृहस्थ पहाटे मैदानात जाऊन पिस्तुलानं द्वंद्व खेळत. या द्वंद्वाची पिस्तुलं जोडीनं बनत. मखमल लावलेल्या एका पेटीत अगदी एकसारखी दोन. त्यांच्या लाकडी मुठीवर बारीक तिरप्या रेघा कोरत. एका दिशेनं रेघा, मग त्यांना छेद देणाऱ्या दुसऱ्या दिशेनं रेघा, की मधे छोटे छोटे उंचवटे तयार होतात. आपण शंकरपाळ्या कापतो ना, हुबेहूब तसे! प्रत्येक शंकरपाळीचं टोक कातडीत किंचित रुततं आणि घामेजलेला हात जागचा हलत नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तळहाताला घाम येणारच, हे त्या कारागिरांनी ओळखलं होतं.

मला यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. पेटी एकाची असली तरी त्यातलं एक पिस्तूल प्रतिस्पर्ध्याच्या हातात जायचं. म्हणजे मूठ कुणाही गृहस्थाच्या हातात बसली पाहिजे. ती कुणा एकाच्या हाताची नव्हती. पुढे सैन्यासाठी हजारांनी पिस्तुलं बनू लागली तेव्हाही तेच. कारखान्यातून येईल ती मूठ, आणि शिपायानं आपला हात तिच्याशी जुळवून घ्यायचा. शाळेच्या बाकांसारखं. उंच मूल, बुटकं मूल, सगळ्यांना एकच बाक!

1896 साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झालं. तिथं पिस्तुलाच्या स्पर्धांत अमेरिकेतल्या बोस्टनचे दोन सख्खे भाऊ, जॉन आणि समनर पेन, यांनी एकेक स्पर्धा जिंकली. खेळ नवा होता, पण हातातल्या मुठी त्या जुन्या एकाच मापाच्या जमान्यातल्या.

पण खेळाची गरज लढाईच्या गरजेपेक्षा निराळी. लढाईत एक गोळी बरी लागली की भागतं. स्पर्धेत साठ गोळ्या मारायच्या, त्या साठही एकसारख्या. आणि पिस्तूल एकाच हातानं धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही, हा नियम आजही ऑलिंपिकमध्ये आहे. नातीच्या स्पर्धेचंच घ्या. अंतर 10 मीटर. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीत साधारण 35 सेंटिमीटर अंतर धरलं, तर पुढची माशी एकच मिलिमीटर सरकली की छर्रा मधून साधारण 28 मिलिमीटर बाजूला जातो. दहाचे सात होतात. मी हे गणित वहीत मांडून बघितलं (इतिहासवाल्यांनाही त्रैराशिक येतं हो!). हात मुठीवर केसभर इकडेतिकडे बसला, बोटाचा दाब जरा तिरका पडला, की संपलं.

म्हणून खेळाडूंनी मुठी कोरायला सुरुवात केली. जिथं टोचतंय तिथं कानशीनं घासायचं, जिथं पोकळी राहते तिथं भर घालायची. विसाव्या शतकात हे शास्त्रच होऊन बसलं. 50 मीटरवरच्या 'फ्री पिस्तूल' नावाच्या स्पर्धेत मुठीला जवळपास मोकळं रान होतं. लाकूड हाताच्या पाठीवरूनही गुंडाळून घेतलेलं चाले. खेळाडू त्यात हात घालायचा तो अक्षरशः हातमोज्यात घातल्यासारखा. मला फोटो बघून आपला खोबळाच आठवला! आपल्या जितू रायनं 2014 च्या आशियाई खेळांत याच प्रकारात सुवर्ण घेतलं होतं. 2016 च्या रिओनंतर ही स्पर्धा ऑलिंपिकमधून गेली. शेवटची तिन्ही सुवर्णं, 2008, 2012 आणि 2016 ची, दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ या एकट्याची.

बाकीच्या पिस्तुलांना मात्र नियमांचा लगाम आहे. 10 मीटरच्या एअर पिस्तुलाचं वजन 1500 ग्रॅमच्या वर नको, सगळं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे, मूठ हाताला वेढून घेणारी नको, आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. मनगटाला टेकू मिळाला की मग खेळ कसला? मनगट तुझं, स्थिरपणा तुझा. मुठीनं फक्त एवढंच करायचं, की तुझा हात दर वेळी त्याच जागी आणून ठेवायचा.

याच मर्यादेत राहून मुठी बनवणारे नावारूपाला आले. स्वित्झर्लंडमधल्या मोरिनी या नावाच्या मुठी तर दुसऱ्या कंपन्यांच्या पिस्तुलांवरही बसवल्या जात. लहान, मध्यम, मोठी अशी मापं, चपलांसारखी. आणि चपलांसारखीच डावी आणि उजवी वेगळी.

इथंच नातीचा प्रश्न येतो. द्वंद्वाच्या पिस्तुलाची ती जुनी मूठ डावऱ्यानं धरली काय नि उजव्यानं धरली काय, फारसा फरक पडत नव्हता. ती कुणालाच नेमकी बसत नव्हती, म्हणून सगळ्यांना चालत होती. जसजशी मूठ एका हाताला नेमकी बसू लागली, तसतशी ती दुसऱ्या हाताला परकी झाली. चांगल्या मुठीचा चांगुलपणाच दुसऱ्या हाताच्या आड येतो. उजव्या हातासाठी जितकी मेहनत घ्याल, तितकं डाव्याला दार बंद!

आणि आता ती गोष्ट, जी मी गिळली.

त्याचं नाव कारोय टाकाच. मी वर्गात वर्षानुवर्षं 'कॅरोली टॅकॅक्स' असं सांगत आले. हंगेरियन उच्चार असा आहे, हे आत्ता आत्ता कळलं. जन्म 1910, बुडापेस्ट. हंगेरीच्या सैन्यात सार्जंट आणि उत्तम पिस्तूलबाज. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला त्याला जाता आलं नाही, कारण संघात फक्त वरच्या हुद्द्याचे अधिकारी घ्यायचे असा नियम होता. पुढे तो नियम गेला. पण 1938 साली सरावात एक सदोष हातबाँब त्याच्या उजव्या हातात फुटला आणि तो हात गेला. पिस्तुलाचा हात.

महिनाभर इस्पितळात काढून तो घरी आला, आणि कुणालाही न सांगता डाव्या हातानं सराव सुरू केला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. 1939 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या जागी तो दिसला, तेव्हा बिचारा आपल्याला बघायला आला असं सोबत्यांना वाटलं असं सांगतात. तो खेळायला आला होता, आणि जिंकला! मग महायुद्ध. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिकं झालीच नाहीत. 1948 साली लंडनला तो उतरला तेव्हा 38 वर्षांचा होता.

त्याची स्पर्धा होती रॅपिड फायर, म्हणजे जलद नेमबाजी. 25 मीटरवर ओळीनं पाच लक्ष्यं. हात खाली, इशारा झाला की हात उचलायचा आणि पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. साठ गोळ्या, 600 गुण. तिथं मूठ हातात सरकली तर ती पुन्हा नीट धरायला वेळच नाही. टाकाचनं 580 गुण मिळवले, जागतिक विक्रम. दुसरा आला तो अर्जेंटिनाचा विश्वविजेता साएन्झ व्हॅलिएन्टे. 1952 ला हेलसिंकीत टाकाचनं 579 गुणांनी पुन्हा सुवर्ण घेतलं, आपल्याच देशाच्या सिलार्ड कुनला एका गुणानं मागे टाकून.

आता बघा, हीच दोन ऑलिंपिकं आपल्या खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. 1948 ला लंडनमध्ये सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या हेलसिंकीच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. वर्गात मी या दोन गोष्टी जोडीनं सांगायची. एकाच गावी, एकाच वर्षी पदक घेणारे हे दोघे! पोरांचे डोळे असे मोठे व्हायचे. पुढे खर्डेकरांचं घर मी भराभर उरकायची आणि हातबाँबवर रेंगाळायची. गोष्ट तिथं रंगायची ना.

1982 साल. पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. हुशार, अक्षर टपोरं, पण डाव्या हातानं लिहायचा. त्या काळी आमच्यात एक पक्की समजूत होती, की डाव्या हातानं लिहिणं हे वळण वाईट आणि ते वेळीच मोडलं पाहिजे. कुणी हातावर पट्टी मारायचे. मी मारलं नाही. मी स्वतःला प्रेमळ शिक्षिका समजत होते. मी त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गादेखत टाकाचची गोष्ट सांगितली. शेवटी म्हटलं, "बघ, त्याचा हात बाँबनं गेला, तरी त्यानं हात बदलला आणि जग जिंकलं. तुला साधा हात बदलता येत नाही?"

वर्ग हसला. त्यानं पेन्सिल उजव्या हातात घेतली. वर्ष संपेपर्यंत तो उजव्या हातानं लिहायला लागला होता. मी शिक्षक खोलीत हे यश म्हणून सांगितल्याचं मला लख्ख आठवतं.

2019 मध्ये एका लग्नात तो भेटला. पन्नाशीकडे आलेला, कपाळ मोठं झालेलं, चांगल्या नोकरीत. वाकून नमस्कार केला. "बाई, तुमची ती हंगेरीची गोष्ट अजून आठवते." मला केवढा आनंद झाला! शिक्षकाला दुसरं काय हवं असतं? मग तो हसत हसत म्हणाला, "मला कितीतरी दिवस वाटायचं, की डाव्या हातानं लिहिलं तर हातात बाँब फुटणार. लिहिताना मी डावा हात मांडीखाली दाबून बसायचो. आमच्या आईला कळायचंच नाही, हे पोरगं असं वाकडं का बसतंय."

तो खरंच हसत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. पुढ्यातलं ताट बघत मी पाच मिनिटं गप्प बसले. जिलेबी तशीच राहिली.

त्याची मुलगी शेजारी होती. तिला बाबांचं अक्षर आवडत नाही म्हणाली, कोंबडीचे पाय वाटतात. पाचवीच्या आधीचं त्याचं अक्षर मी पाहिलेलं आहे.

तर मंडळी, त्या रात्री नातीसमोर माझं तोंड मिटलं ते यामुळे. तीच गोष्ट, तोच प्रश्न, आणि पुन्हा एक डावरं मूल समोर.

घरी येऊन पुढं कितीतरी दिवस मी टाकाचच्या गोष्टीत माझं काय चुकलं ते शोधत होते. गोष्ट तर खरी आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. चूक अशी, की टाकाचनं हात बदलला कारण दुसरा हात उरलाच नव्हता. त्या मुलाचा हात धडधाकट होता. जे एका माणसानं नाइलाजानं, दुःख गिळून केलं, ते मी एका मुलाला शिस्त म्हणून करायला लावलं. शिवाय 1938 ते 1948 ही मधली दहा वर्षं मी गोष्टीत एका वाक्यात उडवायची. हात गेला आणि सुवर्ण मिळालं, बस्स. दहा वर्षं म्हणजे काय, हे पाचवीतल्या मुलाला कसं कळणार? त्याचं सगळं आयुष्यच दहा वर्षांचं!

नातीला मी शेवटी सांगितलं, "मूठ बदल."

सरांशी सुनेनं बोलून घेतलं. सर चांगले आहेत, त्यांनी लगेच चौकशी केली. एका जुन्या डावऱ्या खेळाडूकडे त्याच जातीच्या पिस्तुलाची डाव्या हाताची मूठ पडून होती, ती त्यांनी मिळवून दिली. ती आली तेव्हा नातीच्या हाताला मोठी! मग सुरू झालं आमचं सुतारकाम. गेले तीन रविवार आमच्या टेबलावर हेच चाललं आहे.

आधी काचपेपरनं वरचं चकचकीत पॉलिश काढलं. पॉलिशवर घामेजलेला हात घसरतो आणि भरही नीट चिकटत नाही. मग तळहाताला शाई लावून तिनं मूठ धरली आणि सोडली. जिथं शाई उमटली तिथं हात टेकतो, जिथं लाकूड कोरं राहिलं तिथं पोकळी. बरं हे मला फार आवडलं, हाताची आपली साक्ष! कोऱ्या जागी थोडं थोडं एमसील भरलं. ओलं असताना हाताला नि लाकडाला मधे पातळ प्लास्टिक ठेवून पुन्हा मूठ धरायची, म्हणजे भर हाताच्या आकाराची होते. वाळलं की कानस, पुन्हा शाई, पुन्हा भर. आणि दर वेळी डोळे मिटून मूठ धरायची, हात लांब करायचा आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे बघायचं, की मनगट कुठं ओढलं जातंय का.

दुसऱ्या रविवारी मी म्हटलं, "अगं, आता त्या शंकरपाळ्या पाड की वर, खरखरीत होऊ दे."

"नाही आजी. सर म्हणतात, आधी आकार, मग खरखरीतपणा. मूठ खरखरीत झाली की हात जिथं ठेवला तिथंच चिकटून राहतो. चुकीचा ठेवला तर चुकीच्याच जागी घट्ट बसतो. गुळगुळीत असताना हात आपोआप बरोबर जागी आला पाहिजे. मगच वर टोचायचं."

मी कानस बाजूला ठेवून चष्मा पुसला. चौदा वर्षांची पोर, पिस्तुलाच्या मुठीबद्दल बोलत होती आणि मला माझा पाचवीचा वर्ग दिसत होता. आमची शिस्त अशीच होती. आधीच खरखरीत. हात जिथं ठेवला तिथं पक्का धरून ठेवणारी. तो बरोबर जागी आहे का, हे बघायला कुणी थांबलं नाही.

तिसऱ्या रविवारी टोचायचं काम झालं. शंकरपाळ्या कोरायला सराईत हात लागतो, म्हणून सोपी रीत घेतली. टोच्यानं हलके ठोके देत जवळ जवळ बारीक खड्डे पाडायचे, की पृष्ठभाग फणसाच्या सालीसारखा होतो. तेसुद्धा सगळीकडे नाही. तळव्याच्या मागे आणि मधल्या बोटांखाली, जिथं जोर पडतो तिथं. अंगठ्याच्या जागी गुळगुळीतच ठेवलं, कारण अंगठा तिथं नुसता विसावतो, दाबायचा नसतो. फार टोकदारही करायचं नाही. साठ गोळ्यांच्या सरावात कातडी सोलवटली, तर मुलगी दुखरी जागा चुकवायला हात वाकडा धरेल आणि सगळी मेहनत वाया.

आता मूठ क्लबात गेली आहे. खोक्याचं माप सरांनी बघितलं, नियमात बसते. पहिल्या दिवशी नात आली ती गुण काही सांगेना. मीही विचारलं नाही. रात्री झोपताना आपणहून म्हणाली, "आजी, आज पहिल्यांदा पिस्तूल उचललं आणि हात शोधावा लागला नाही."

उद्या ती जिंकेल की सहा महिन्यांत सोडून देईल, मला माहीत नाही. शाळेची परीक्षाही तोंडावर आहे. तो विषय वेगळा.

टाकाचची गोष्ट मी तिला सांगितली, पण आता, मूठ तयार झाल्यावर. पूर्ण सांगितली, दहा वर्षांसकट, आणि खर्डेकरांच्या घरासकट. खाशाबांच्या गोष्टीतला तो भाग मी इतकी वर्षं घाईनं उरकत आले होते. एका पोरानं जिद्द धरावी म्हणून एक शिक्षक आपलं घर गहाण ठेवतो. मुलाला बदल म्हणणं सोपं असतं. त्याच्यासाठी स्वतःचं काही मोडणं अवघड. मी शिक्षिका असून मला गोष्टीतला बाँब दिसला, शिक्षक दिसला नाही.

माझे काही जुने विद्यार्थी हे पान वाचतात, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी जे डावरे होते आणि ज्यांना मी पेन्सिल दुसऱ्या हातात द्यायला लावली, त्यांची मी इथं मनापासून माफी मागते. त्या लग्नात भेटलेल्या मुलाला (पन्नाशीचा झाला तरी मुलगाच!) फोन करायचा आहे. नंबर सुनेनं शोधून दिला आहे. हे लिहून झालं की करते.

आणि वाचणाऱ्या डावऱ्यांनो, तुमच्या लहानपणी काय झालं, कुणी हात बदलायला लावला की कुणी मूठ बदलून दिली, ते जरूर कळवा. वाट बघते.